माझी फिट, त्यांचा स्टिकर

चप्पल

मला जाग आली ती चपलेच्या वासाने. चामड्याची, घामट, पुरुषाची चप्पल. ती माझ्या नाकाला लावलेली होती आणि लावणारे होते आमचे फिजिक्सचे सर. बारावीच्या पोरांना अणूच्या पोटात काय काय असतं ते शिकवणारा माणूस. "हुंग, जोरात श्वास घे," असं ते म्हणत होते. मी क्लासच्या फरशीवर आडवी होते आणि माझ्याभोवती पायच पाय होते. वर पाहिलं तर चेहरे नव्हते, फोन होते.

मी अनुजा. आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तेव्हा बारावीत होते. सदाशिव पेठेत राहते आणि क्लासही पेठेतलाच, घरापासून चार गल्ल्या सोडून. मला फिट येते. आकडी म्हणा, फेफरं म्हणा, मिरगी म्हणा. आमच्या नात्यातल्या लोकांनी सगळे शब्द वापरून झालेत, दबक्या आवाजात.

कामाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी अर्ध्यात वाचणं सोडलं तरी तेवढं पदरात पडेल. फिट आलेल्या माणसाला चप्पल लावू नका. कांदाही नको. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, जमेल तसं कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबते. माझीही तशीच थांबली होती. चप्पल फक्त वेळेवर आली, आणि सगळं श्रेय घेऊन गेली.

त्या सकाळचं मला काहीही आठवत नाही. काय खाल्लं, काय घातलं, घरातून कधी निघाले, काही नाही. आठवणींची सुरुवातच चपलेपासून होते.

क्लासच्या दारावर पाटी आहे : "आपण कॅमेऱ्याच्या नजरेखाली आहात. वर्गात नसत्या हालचाली करू नयेत." मी केल्या. नंतर बाबा ते रेकॉर्डिंग मागायला गेले तेव्हा कळलं की कॅमेरा नुसता खोका आहे, आत काही नाही. पालकांना बरं वाटावं म्हणून लावलेला. पाटी मात्र खरी.

स्टिकर

मला घरी आणलं बाबांनी आणि मुग्धाने. मुग्धा म्हणजे माझी शेजारच्या बाकावरची मैत्रीण, आठवीपासूनची. रिक्षात तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. घरी आल्यावर मी झोपले ती थेट दुसऱ्या दिवशी उठले. अंग असं दुखत होतं की कुणी धोपटून काढलंय. जीभ चावली गेली होती. मी सवयीने आधी फोन उचलला.

क्लासचा ग्रुप उघडला तर त्यात मी होते. हलती. डोळे पांढरे, मान वाकडी, नाकाला सरांची चप्पल, आणि खाली मोठ्या अक्षरात "सोमवार सकाळ".

स्टिकर. तीन सेकंदांचा. संपला की पुन्हा सुरू.

आमच्या वयाच्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही, पण मोठ्यांसाठी सांगते. स्टिकर म्हणजे बोलायच्या ऐवजी पाठवायचं चित्र. कुणी जांभई देताना सापडला की त्याचा करतात, कुणी वर्गात पडला की त्याचा करतात. मीही हसलेय दुसऱ्यांच्या स्टिकरवर. एकदा तयार झाला की बोटाने दाबला आणि आपल्या फोनात घेतला. मग ज्याने केला त्याला वाटलं तरी तो परत घेता येत नाही.

टेस्ट जाहीर झाली, की मी. लाइट गेले, की मी. कुणीतरी लिहिलं, "घरी मार्क सांगितले", त्याखाली लगेच मी. त्यांना माझा राग नव्हता हो! तेच तर वाईट होतं. कुणी मला त्रास द्यायला तो पाठवतच नव्हतं. मी तिथे आहे हेही त्यांच्या लक्षात नसायचं. मी ग्रुप सोडला.

पण तो ग्रुपमध्ये थोडाच राहणार होता. हडपसरला माझा मावसभाऊ राहतो, त्याला त्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवर आला. त्याने तो मलाच पाठवला आणि खाली विचारलं, "ही तूच का गं?" मग एके रात्री जेवताना बाबांचा फोन वाजला. बाबा सहकारी बँकेत आहेत, त्यांचा ऑफिसचा ग्रुप आहे. बाबांनी बघितलं, फोन ताटाशेजारी पालथा घातला आणि आमटी वाढून घेतली. त्यांनी ती खाल्ली नाही. मला कळलं काय आलं असणार ते. त्या आमटीवर साय धरली.

मी तक्रार करायचा प्रयत्न केला. गाणं लावलेली एक छोटी क्लिपही फिरत होती, तिच्यावरचं बटण दाबून लिहिलं की यात मी आजारी आहे, हे काढा. उत्तर आलं की या मजकुरात त्यांना नियमाविरुद्ध काही आढळलं नाही.

निदान, म्हणजे जवळजवळ

पहिले डॉक्टर आमचे नेहमीचे. ते म्हणाले, "बारावी ना? टेन्शन. झोप होत नसेल. फोन कमी कर." आमच्या वयाला काहीही झालं तरी शेवट फोनवर येतो. पाय मोडून गेलं तरी म्हणतील फोन कमी कर.

मग घरीच दुसरी फिट आली. तिसरी आली. तेव्हा आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, मोठ्या हॉस्पिटलात. केसांत डिंकासारखं चिकट काहीतरी लावून डोक्यावर वायरी चिकटवल्या, त्याला ईईजी म्हणतात. ते दुखत नाही, पण नंतर केस धुताना रडू येतं. एमआरआयच्या नळकांड्यात मी डोळे मिटून पाढे म्हणत पडून राहिले. आत इतका ठोकाठोकीचा आवाज असतो की एकोणीसच्या पाढ्यात चुकले.

दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. आई देवाला हात जोडायला लागली. डॉक्टर मॅडमनी तिला थांबवलं.

"रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे आजार नाही असं नव्हे," त्या म्हणाल्या. "मला सांगा, फिट सुरू कशी होते? पहिल्यांदा काय होतं?"

"धाडकन आवाज येतो," आई म्हणाली. "मी धावत जाते. तोवर हातपाय झाडत असते."

"ते आवाजानंतरचं झालं. मला आवाजाच्या आधीचं हवंय. मान कुठल्या बाजूला जाते, कुठला हात आधी ताठ होतो, बोलता बोलता थांबते की नाही."

आई माझ्याकडे बघायला लागली. मला कुठून माहीत असणार? मी तेव्हा तिथे नसतेच.

मॅडमनी नीट समजावलं. दोन शक्यता होत्या. एक, मेंदूच्या एका जागेतून सुरू होणारी खरीखुरी फिट. दुसरी, मनावरच्या ताणामुळे येणारे झटके. "तेही नाटक नसतं," त्या म्हणाल्या, "पण त्याचा उपाय निराळा. गोळ्यांनी ते थांबत नाहीत. सुरुवात दिसली तर मला पुष्कळ कळेल. कुणीतरी व्हिडिओ काढा." तोवर एक हलकी गोळी चालू, आणि नक्की कळेपर्यंत मला एकटीला सोडायचं नाही. क्लास बंद, स्कूटर बंद, पोहणं बंद, गॅसजवळ उभं राहणं बंद.

मी विचारलं, "आणि नाहीच कळलं तर?"

"कळेल," त्या म्हणाल्या. डॉक्टर लोक 'कळेल' इतक्या सहज म्हणतात!

घरातला कॅमेरा

आईने त्याच दिवशी बाथरूमची कडी काढली. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, स्वतः. आई हडपसरच्या शाळेत शिकवते, बसने जायला तास-दीड तास. बाबा बँकेत. रोज कोण थांबणार माझ्याजवळ? शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली, आणि बाबांनी माझ्या खोलीत वाय-फायवर चालणारा कॅमेरा बसवला. कपाटावर. लाटण्याच्या मुठीएवढा, पांढरा. फिट पकडायची म्हणून. आई शाळेतून फोनवर मला बघणार.

त्या कॅमेऱ्याला बोलताही येतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मी पालथी पडून वाचत होते. अचानक कपाट म्हणालं, "अनुजा, पालथी झोपू नकोस." मी किंचाळलेच.

त्यानंतर कपाट रोज बोलायचं. "जेवलीस का?" "गोळी घेतलीस? दाखव." "कुठे गेलीस? मला दिसत नाहीयेस." मागून शाळेतल्या पोरांचा कालवा ऐकू यायचा. मी बाथरूमला जायचं तर कॅमेऱ्याकडे बघून करंगळी दाखवायची, मी, सतरा वर्षांची घोडी. जरा वेळ लागला की काकू दारावर थाप मारायच्या, "आहेस ना गं बाळा?" कडी नाही म्हणून मी आतून दाराला पाय लावून बसायचे.

मी रडायचे ती उशीत. मग कपाट विचारायचं, "काय होतंय? हलतेयस का तू? फिट आहे का?" म्हणजे रडायचीही चोरी.

आणि फिट? फिट भारी हुशार. एकदा आली ती स्वयंपाकघराच्या दारात. एकदा राउटर बंद पडला होता तेव्हा. एकदा खोलीतच आली, पण मी पांघरुणात होते. आईने शाळेच्या स्टाफरूममध्ये उभं राहून, फोन हातात धरून, एक हलणारी गोधडी बघितली. काकूंना फोन लावला, तो एंगेज लागला. ती नंतर सांगत होती, "मी नुसती बघत होते गं. ओरडत होते त्यातून. तुला ऐकू येत नव्हतं." त्या दिवशी आई घरी आली आणि चपला न काढता माझ्या खोलीत येऊन बसली. तिचा मला इतका राग यायचा तेव्हा! तरी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

म्हणजे बघा, घरात मला सारखं बघत होते आणि बाहेर मला सारखं दाखवत होते. मधे मी.

फोन तेवढा माझा होता. पण त्यानेही ठरवून टाकलं होतं की हिला दुसरा विषयच नाही. मी एकदाच "फिट बरी होते का" असं शोधलं. त्यानंतर मला गाण्यांच्या, मेकअपच्या, मांजरांच्या रील्स दिसणं बंद झालं. दिसायचे ते कुठल्यातरी गावचे वैद्य, काढे, गंडे, आणि फिट येऊन पडणारी माणसं. माणसामागून माणूस. बोटाने वर सरकवलं की पुढचा पडायचा. बंद करून ठेवलं तर खोलीत कपाट.

एक चांगलं झालं ते सांगते. त्याच फोनवर फिट येणाऱ्या मुलामुलींचा एक गट सापडला. तिथे एक मुलगी होती, लातूरकडची, ती मला म्हणाली, "तू कडी काढल्याचं रडतीस? माझ्या आईनं दारच काढलंय." मी खूप दिवसांनी हसले. खरं नाव सांगायचं नाही असा तिथला नियम होता, त्यामुळे आम्ही एकमेकींना कडी आणि दार म्हणायचो.

बाबा चिडले

बारावीची परीक्षा जवळ आली होती. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कुणी बसू देईल की नाही, मी एकटी वर्गात तीन तास बसू शकेन की नाही, काहीच ठरत नव्हतं. मॅडमकडे दुसऱ्यांदा जाऊन आलो. त्यांनी तेच विचारलं, सुरुवात मिळाली का? नाही. मग थांबू.

रात्री जेवताना आई म्हणाली, "अजून एक कॅमेरा लावू या का? स्वयंपाकघरात?"

बाबा कधी चिडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी घास ताटात टाकला. "हो, लाव! जिन्यात लाव, गच्चीत लाव. अख्ख्या पेठेकडे हिचा व्हिडिओ आहे, एक आपल्याकडेच नाही!"



मी घास गालात तसाच धरून बसले होते. स्टिकर तीन सेकंदांचा होता. क्लिप आठ-दहा सेकंदांची. दोन्हींत चप्पल आधीच नाकाला लागलेली. पण कुणीतरी मूळ व्हिडिओ मधूनच कापला होता ना? मग कापायच्या आधीचा कुठेतरी असणार. कुणाच्या तरी फोनात. कदाचित माझ्या पडण्यापासूनचा.

जी गोष्ट जगातून पुसून जावी म्हणून मी देवाला साकडं घालत होते, तीच आता मला मागायला जावं लागणार होतं. आणि ती अख्खी मागायची होती.

मागायला गेले

आधी मुग्धाला सांगितलं. ती दर शनिवारी नोट्स घेऊन यायची, माझ्या पलंगावर मांडी घालून बसायची, कॅमेऱ्याला "नमस्ते काकू" म्हणायची. मी म्हटलं, "तो व्हिडिओ कुणी काढला ते शोधून काढ ना. मला भांडायचं नाहीये. मला फक्त पूर्ण हवाय." तिचा चेहरा उतरला. "बघते," म्हणाली. त्यानंतरच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मेसेजला उत्तर, "सर्दी झालीय."

मग मी आईला म्हटलं, मी क्लासला जाते. आई म्हणाली, डोकं फिरलंय का तुझं? मी म्हटलं, "आई, किती दिवस? मी अशी कपाटासमोर म्हातारी होऊ का?" तिने रजा टाकली. क्लासच्या खालच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. "दहा मिनिटं," म्हणाली, "नाहीतर मी वर येईन."

मी दारात उभी राहिले तेव्हा सर फळ्यावर लिहीत होते. मला बघून त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं. ते आता बूट घालायला लागले होते.

"या, या," ते म्हणाले. "बऱ्या आहात ना?" मला अहो-जाहो! दोन वर्षं 'ए गधडे' म्हणणारे सर.

"सर, मला एक मिनिट बोलायचंय. मुलांशी."

मी हात पाठीमागे बांधले. सगळ्यात जास्त भीती कशाची होती सांगू? इथेच, आत्ताच फिट यायची. एवढे सगळे फोन पुन्हा एकदा वर व्हायची.

"मला फिटचा आजार आहे, किंवा नाही," मी म्हटलं. "ते कुणालाच नक्की माहीत नाही. माझ्या डॉक्टरांना फिटची सुरुवात बघायचीय. त्या दिवशी ज्याने कुणी व्हिडिओ काढला त्याच्याकडे ती असेल. मला नाव नकोय. तक्रार करणार नाही. मला फक्त पूर्ण व्हिडिओ पाठवा. प्लीज."

मागच्या बाकावर ओंकार म्हणून एक जण आहे, त्याने मान खाली घातली. पंखा फिरत होता. सरांनी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता हे असंच, आता निघावं.

"माझ्याकडे आहे."

मी वळले. मुग्धा उभी होती.

"मी काढला," ती म्हणाली.

जिन्यात

मी जिन्यात आले, ती मागून आली. खाली आई बसली होती, तिने वर बघितलं, पण उठली नाही.

"तू?" मी म्हटलं. "तू, मुग्धा? मला रिक्षात धरून बसलीस आणि तू?"

"तुझा नव्हता गं काढत! माझा व्लॉग करत होते ना मी, 'बारावीचा एक दिवस'. फोन खिडकीत ठेवला होता, सर यायच्या आधीपासून चालू होता. आपण डबा खात होतो. मग तू..." ती रडायला लागली. "मी घरी जाऊन बघितला. मला इतकी भीती वाटली. मी ओंकारला पाठवला, म्हटलं बघ ना काय झालं हे. एकालाच. एकालाच पाठवला अनु. रात्री त्याने स्टिकर केला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू?"

"दर शनिवारी येऊन बसायचीस माझ्या पलंगावर! आईला नमस्ते करायचीस!"

"म्हणून तर यायचे," ती म्हणाली. "मला घरात बसवत नव्हतं."

मला तिला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. मी विचारलं, अजून ठेवलायस कशाला तो, डिलीट का नाही केलास? ती नाक पुसत म्हणाली, "करवत नव्हता. त्यात आधी तू नीट आहेस ना."

तिने तिथेच व्हिडिओ पाठवला. मोठा होता, जायला वेळ लागला. तो जाईपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो, एकमेकींकडे न बघता.

सुरुवात

मॅडमनी तो कॉम्प्युटरवर लावला. मी म्हटलं मी बघणार. आईने माझं मनगट पकडलं.

खिडकीतलं ऊन पडलेला बाक. मुग्धा केस सारखे करते. मी शेजारी, डब्यातले दडपे पोहे खाते, तोंडात घास घेऊन काहीतरी सरांची नक्कल करते आणि स्वतःच खिदळते. ती मुलगी मला आठवतच नव्हती. अंगात पिवळा कुर्ता. म्हणजे मी त्या दिवशी पिवळा घातला होता.

मग मी बोलता बोलता थांबते. तोंड अर्धं उघडं. मान हळूहळू डावीकडे वळायला लागते, कुणी ओढून वळवावी तशी. मुग्धा म्हणते, "ए बावळट, तिकडे काय बघतेस?" डावा हात वर येतो, ताठ होतो. चमचा पडतो. मग मी पडते.

मॅडमनी तिथेच थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा बघितलं. मग खुर्ची वळवून म्हणाल्या, "ही फिटच आहे. मेंदूच्या उजव्या बाजूतून सुरू होते. आता मला औषध बदलता येईल."

आई रडायला लागली. मुलीला मिरगी आहे हे नक्की झालं म्हणून कुणाची आई अशी रडली नसेल. मीही रडले. मला वेड लागलेलं नव्हतं, मी ढोंग करत नव्हते, मला एक आजार होता आणि त्याला गोळी होती.

"पुढचं नको मला," मॅडम म्हणाल्या आणि व्हिडिओ बंद केला.

आता कसं आहे, हे लोक विचारतात म्हणून लिहिते. नव्या गोळीने सुरुवातीला खूप झोप यायची, चिडचिड व्हायची, दोन वेळा डोस बदलावा लागला. मधे एक फिट आली. त्यानंतर आलेली नाही. परीक्षा दिली, वेगळ्या खोलीत, शेजारी एक मॅडम बसवून. मार्क बरे पडले, सांगण्यासारखे नाहीत. स्कूटर अजून चालवायची नाही. जागरण करायचं नाही. बाथरूमला कडी परत लागली आहे, पण आई बाहेरून हाक मारतेच. आणि स्टिकर आहे. कॉलेजात परवाच एका मुलीने ग्रुपवर टाकला, तिला माहीतही नव्हतं की ती मी. मी लिहिलं, "ही मी आहे." तिने सॉरी म्हणून पन्नास वेळा लिहिलं. तो जाणार नाही. मी म्हातारी होईन, त्यात मी सतराचीच असेन, चपलेसकट.

मॅडमना नको होता तो भाग

मॅडमकडून आम्ही घरी आलो त्या दुपारी आई अर्ध्या दिवसासाठी शाळेत गेली. मी खोलीचं दार लावलं. खुर्चीवर चढून कपाटावरचा कॅमेरा भिंतीकडे फिरवला.

थोड्या वेळाने कपाट बोललं. "अनुजा, मला भिंत दिसतेय."

"मी केलीय आई. पाच मिनिटं."

मागे पोरं कविता म्हणत होती. मग आई म्हणाली, "बरं."

मी व्हिडिओ लावला, मी पडते तिथपासून.

ओरडाआरडा. बाकं सरकतात. कुणीतरी हसतं, भीतीने असेल किंवा नसेल. पायांची गर्दी होते. सर धावत येतात, एका पायातली चप्पल काढतात. इथे स्टिकर. मी श्वास धरून बघितला. तीन सेकंद झाले आणि पहिल्यांदाच तो पुन्हा सुरू झाला नाही. पुढे गेला.

पुढे मुग्धा गर्दीत घुसते. ती ओरडते, तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, "फोन खाली करा! सरका ना, सरका!" कुणी सरकत नाही. माझा कुर्ता पार वर गेलेला असतो, पोट उघडं, सलवारीची नाडी दिसते. ते एकाही क्लिपमध्ये आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते आता कळलं. ती खाली बसते, दोन्ही हातांनी कुर्ता ओढून खाली करते, तो पुन्हा वर जातो कारण मी झटके देतेय, ती पुन्हा ओढते. शेवटी ती माझ्यावर आडवी वाकते आणि तशीच राहते, पाठ सगळ्या फोनांकडे. माझ्या हाताचा एक फटका तिच्या तोंडावर बसतो. ती हलत नाही. मी शांत होईपर्यंत ती उठत नाही.

मग ती मान वर करते. थेट खिडकीकडे बघते. आपला फोन चालूच आहे हे तिला तेव्हा आठवतं. तिचा हात जवळ येतो आणि अंधार.

मी तिला फोन लावला. तिने उचलला.

"शिव्या घाल," ती म्हणाली.

मी घातल्या. येत होत्या तेवढ्या सगळ्या, दोन-तीन तर आयुष्यात पहिल्यांदाच तोंडातून काढल्या. मग माझा दम संपला आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, फोन कानाला लावून.

"झाल्या?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उद्या उरलेल्या घालणार आहे. क्लासला जाताना मला घ्यायला ये."